पाट्याखालचं झाकण

त्या घरातली पोरं रडत नव्हती. पहिल्या दिवशी माझ्या मनात खटकलं ते हेच.

चार पोरं, दोन ते चार वर्षांची, पत्र्याच्या खोलीत सतरंजीवर ओळीनं बसलेली, आणि एकाचाही आवाज नाही. एक जण वाटीतले पोहे एकेक दाणा उचलून खात होतं. एक भिंतीकडं तोंड करून बसलं होतं. मी शेतकऱ्याच्या घरातली, सोयगावची. आमच्याकडं चार पोरं एका जागी जमली की अंगणात कोंबडीसुद्धा थांबत नाही. इथं मात्र वरचा पत्रा उन्हानं तडतडायचा तेवढाच आवाज, आणि कुठूनतरी खालून, जमिनीतून, पाणी पडल्यासारखा.

"हे काय वाजतंय?" मी विचारलं.

"हौद हाय," पाळणाघर चालवणारी बाई म्हणाली. साठीच्या पुढची असेल, नऊवारी, हातात पितळी बांगड्या. "आधी अंगणात व्हता. अंगणावर पत्रे टाकून खोली केली, तर हौद आत आला."

कोपऱ्यात लोखंडी झाकण होतं आणि त्यावर वजनाला मसाला वाटायचा दगडी पाटा. झाकणापासून पोरांची सतरंजी चार पावलांवर. मी माझ्या लेकीला कडेवर घट्ट धरलं आणि मनात म्हटलं, इथं नाही बाई. मेले तरी इथं नाही.

आठच दिवसांत तिथंच आले.

तेव्हा शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं. नवऱ्याला वाळूजच्या एका कंपनीत लागून वर्ष झालं होतं आणि आम्ही पुंडलिकनगरात एक खोली आणि ओटा एवढ्या जागेत भाड्यानं राहायला आलो होतो. मी जळगावला लॅबचा कोर्स केलेला. लग्न, बाळंतपण यात तो तसाच पडून होता. चौकातल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायला बाई पाहिजे होती. तिथल्या डॉक्टरांनी माझा हात बघितला, दोन पेशंटचं रक्त घ्यायला लावलं आणि म्हणाले, सोमवारपासून या, नाहीतर दुसरी कुणी बघतो. माझी लेक अडीच वर्षांची. सासूबाई गावाकडं मोठ्या जावेच्या तीन पोरांत अडकलेल्या. माझी आई कापसात. शहरात ओळखीचं म्हणावं तर दूधवाला.

मी काय शोधलं नाही म्हणता? एका प्ले स्कूलमध्ये गेले. भिंतीवर हत्ती, ससे, इंग्रजी अक्षरं, खाली मऊ गालिचा. तिथल्या मॅडम लेकीशी इंग्रजीत बोलल्या, लेकीनं माझ्या पदरात तोंड खुपसलं. फीचा कागद हातात आला आणि मीपण पदरात तोंड खुपसावं असं मला वाटलं. बरं, एवढे पैसे घेऊन शाळा नऊ ते बारा. बारानंतर लेकरू कुठं ठेवायचं ते त्यांना विचारलं, तर त्या गोड हसून म्हणाल्या, "ग्रँडपेरेंट्स असतील ना घरी?" असते तर तुमच्या दारात कशाला आले असते, हे माझ्या ओठावर आलं होतं. मग अंगणवाडीत गेले. ताई चांगल्या होत्या, पण अंगणवाडी दोन तासांची, आणि वर भाडेकरूंची नावं कुठं घालायची यावरच त्यांचा घोळ चाललेला. मग घरमालकीणबाईंना लाजतलाजत विचारलं. त्या म्हणाल्या, "मला बीपी आहे." विषय संपला.

या पाळणाघराला पाटी नव्हती. भाजीवालीनं सांगितलं होतं, मागच्या गल्लीत एक म्हातारी पोरं सांभाळते, लई कमी घेते. लई कमी का घेते, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पण सोमवार आला. लेकीला घेऊन मी तिच्या दारात उभी राहिले, आणि लेकीनं जो टाहो फोडला तो मला चौकापर्यंत ऐकू येत होता. पहिल्या पेशंटच्या दंडाला मी पट्टा दोनदा आवळला.

त्या बाईला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. मावशी बोलायची कमी. पोरांना मांडीवर घेऊन गाणी म्हणणं, लाडीगोडी, असलं काही नाही. खायला वेळेवर द्यायची, ढुंगण धुवायची, झोपवायची. लेकीला पंधरा दिवसांत तिची सवय झाली. पण माझा जीव काही खाली बसेना, कारण माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. दुपारी सुटीत मी लेकीला बघायला पळत यायचे. काही दिवशी गल्लीच्या तोंडापासून पोरांचा कालवा ऐकू यायचा, भांडणं, किंकाळ्या, डबे आपटणं. ते ऐकून मला बरं वाटायचं. आणि मधेच एखाद्या दिवशी घर अगदी चिडीचूप. अशा दिवशी मावशी दार अर्धंच उघडायची. "आज नगं बाई. आज पोरं बसल्यात. उठतील." आणि दार लावून घ्यायची.

काय करत असेल ही? डोक्यात नाही नाही ते यायचं. काही पाजते का? मारते का? घरी नेल्यावर लेकीचं अंग अंग तपासायची मी. डोळ्यांत बॅटरी मारून बघायची. नवरा म्हणायचा, "तू ना, उगाच." उगाच म्हणायला त्याला काय जातंय? तो पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसला की संध्याकाळी उतरणार.

एके दिवशी संध्याकाळी आंघोळ घालताना मला तो वळ दिसला. उजव्या पायात, वाळ्याच्या वर, बोटभर रुंद, लालसर. मी लेकीला विचारलं, "हे काय झालं गं?" ती म्हणाली, "पाणी आलं." मी दहा वेळा विचारलं, दहा वेळा तेच. पाणी आलं.

तेव्हा आमच्या भागात नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. कधी पाचव्या. त्या दिवसाला सगळी गल्ली पाण्याचा दिवसच म्हणायची. त्या दिवशी कुणी पाहुणे बोलवत नाही, कुणी दवाखान्यात जात नाही. व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस कोपऱ्यावर दिसला की बाया स्वयंपाक टाकून बाहेर येणार, पाइप, मोटारी, आरडाओरडा, तासाभराचा खेळ. मी दिवस मोजले. घर चिडीचूप असायचं ते पाण्याच्या दिवशी. तो वळही पाण्याच्या दिवसाचाच.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी डॉक्टरांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि अकरालाच मागच्या गल्लीत गेले. दार नुसतं लोटलेलं. मी सरळ आत.

पाचही पोरं बांधलेली. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, एक टोक पायाला, एक टोक खिडकीच्या गजाला. पट्ट्या सतरंजीखालून घेतलेल्या, म्हणून पहिल्या दिवशी मला दिसल्या नव्हत्या. माझी लेक शेवटची. माझ्याकडं बघून ती हसलीसुद्धा. कोपऱ्यातलं झाकण उघडं होतं आणि मावशी त्यात पाइप धरून वाकली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागाचं मूळ आज मला कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. कापूस वेचायच्या दिवसांत माझी आई मला बांधावरच्या लिंबाला असंच बांधायची, लुगड्याच्या पट्टीनं. शेतात विहीर होती, कठडा नसलेली. आईला दोष द्यायला मला आजही जीभ उचलत नाही. पण दुपारी लिंबाची सावली सरकायची आणि मला सरकता यायचं नाही. पट्टी संपायची तिथं ऊन सुरू व्हायचं. मी कोर्स केला, शहरात आले, पांढरा कोट घातला, तो याच्यासाठी की माझी लेक कधी त्या लिंबाखाली बसू नये. आणि इथं पैसे देऊन तेच?

"लाज वाटत नाही?" मी ओरडले. "पोरी आहेत का वासरं?"

मावशीनं पाइप सोडला नाही. "झाकण उघडं हाय बाई. पाणी बघावं लागतं. मला हात दोन आणि पोरं पाच."

"मग घेता कशाला एवढी?"

तिनं पाइप हौदात आणखी खाली सोडला. मी लेकीची गाठ सोडायला लागले. गाठ अशी की सुटेना. माझी नखं मोडली. शेवटी मावशीच आली आणि एका झटक्यात सोडली. "ही गाठ वडली की घट्ट व्हत नाय," ती म्हणाली. "पायाला काचत नाय. तुझी पोरगी लई वडती, म्हणून वळ."

"माझ्या पोरीला पुन्हा बांधायचं नाही. सांगून ठेवते."

"बरं," ती म्हणाली. "खिडकीला नाय बांधणार."

लेकीला उचलून मी निघून आले आणि संध्याकाळपर्यंत रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला परत तिथंच सोडलं. आणखी कुठं सोडणार होते? भांडून आल्यावर त्याच दारात लेकरू ठेवायला जाण्यासारखी दुसरी नामुष्की नाही. मावशीनं मात्र काहीच झालं नाही असं तिला उचलून आत नेलं.

आणि वर आणखी उपकार. आमच्या घरमालकांनी टाकीला कुलूप घातलं होतं. भाडेकरूंना पाणी मोजून. भांडणानंतर काही दिवसांनी मावशीला ते कळलं तेव्हा ती आपणहून म्हणाली, "पाण्याच्या दिशी येत जा. हौदातनं दोन कॅन ने. पाण्याला नाय म्हणू नाय." तेवढा एकच नियम तिनं घातला होता. झाकण सरकवलं, पाणी काढलं, की झाकण लावायचं आणि त्यावर पाटा ठेवायचा. "पाटा ठेवल्याबिगर खोलीतनं पाय काढायचा नाय. आग लागली तरी." हे तिनं मला तीनदा म्हणून दाखवायला लावलं होतं, पोरांना पाढे म्हणायला लावतात तसं. मी मनात चिडले होते, पण म्हटलं होतं.

मग दर पाण्याच्या दिवशी मी कॅन घेऊन जायला लागले. बाकी चार पोरं खिडकीला बांधलेली, माझी मोकळी. मला त्यांच्याकडं बघवायचं नाही आणि थोडा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू? आपण तोंड उघडलं म्हणून आपलं लेकरू सुटलं. मी गेले की लेक मावशीच्या मागं मागं स्वयंपाकघरात असायची, पदराआड. मला नुसते केस दिसायचे तिचे. मी आपली वाकून कॅन भरायची. हौद खोल होता, पुरुषभर तरी. वरून पाणी काळं दिसायचं. वाकलं की आपलंच तोंड खालून वर बघायचं. दरवेळी पाटा ठेवताना मी दोन्ही हातांनी दाबून बघायची.

मग तो चैत्रातला दिवस आला. पाणी पाचव्या दिवशीही आलं नव्हतं, सहाव्या दिवशी आलं. सगळी गल्ली पिसाळलेली. लॅबमधून तासाची सुटी काढून मी दोन कॅन घेऊन धावत आले. चौघं पोरं खिडकीला, चिडीचूप. मावशी स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी, पदराआड लेकीचे केस. मी पाटा उचलून बाजूला ठेवला, झाकण सरकवलं, फटीतून आत सोडलेला पाइप बाजूला केला. पहिला कॅन अर्धा भरला असेल, तेवढ्यात पाइपातनं फस्स करून हवा आली आणि पाणी बंद.

बाहेर बायांचा गलका उठला. शेजारच्या घरातल्या माणसानं मोटार सरळ मेन लाइनला जोडली होती. सगळ्या गल्लीचं पाणी एकटाच ओढत होता. बनियनवर दारात उभा राहून वर म्हणत होता, "ज्याची मोटार त्याचं पाणी."

माझं डोकं फिरलं. सहा दिवस! सहा दिवस मी लेकीला एका तांब्यात आंघोळ घालत होते. मी कॅन तिथंच ठेवला आणि बाहेर गेले.

भांडणात मी कुणाला हार जात नाही, हे माझ्या माहेरी-सासरी सगळ्यांना माहीत आहे. "ज्याची मोटार त्याचं पाणी? मग माझा दगड आणि तुमची काच, चालेल का?" मी म्हटलं. बाया हसल्या. मला जोर चढला. त्याच्या बायकोला बाहेर बोलावलं, त्याच्या म्हाताऱ्या आईला बोलावलं, त्याच्या सात पिढ्यांना बोलावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी त्याची आईच आत गेली आणि मोटार बंद झाली. नळांना पाणी आलं. एका बाईनं माझ्या पाठीवर थाप मारली, "सोयगावचं पाणी दिसतंय हं!" मी फुगून, पदर खोचत, हसत हसत आत आले.

झाकण उघडं होतं.

चौघं पोरं खिडकीपाशी उभी होती, पट्ट्या ताणून, आणि चौघंही हौदाकडं बघत होती. एकही रडत नव्हतं. पाण्यावर माझ्या लेकीचा प्लास्टिकचा पेला तरंगत होता, आडवा, हळूहळू फिरत.

मी लेकीला हाक मारली की नुसती किंचाळले, आठवत नाही. मी आडवी पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. हाताला काहीच लागेना. पाणी थंडगार. मी डोकं आत घातलं, डोळे उघडले. काळोख. नाकातोंडात पाणी गेलं. मी आत उतरायला पाय सोडला, एवढ्यात स्वयंपाकघरातनं आवाज आला.

"हितं हाय. पोरगी हितं हाय. माझ्यापाशी हाय."

मावशी चुलीच्या ओट्याला टेकून खाली बसली होती. माझी लेक तिच्या मांडीत, अंगठा तोंडात. लेकीच्या पायाला पट्टी होती. पट्टीचं दुसरं टोक मावशीच्या कमरेला.

"खिडकीला नाय बांधली," मावशी म्हणाली. तिला धाप लागली होती. "तू नगं म्हणलीस ना. पाण्याच्या दिशी म्या तिला माझ्याच कमरेला बांधायची. आता भाकरी थापत व्हते तर कमरेला हिसका बसला. बघते तर पोरगी पार काठावर, पेला घेऊन वाकलेली. पट्टी पुरली नाय म्हणून…" तिनं पदरानं तोंड पुसलं. "वडून घेतली. मग पायच उचलंना माझे. झाकण बी लावाया उठता येईना."

मी लेकीला तिच्या मांडीतून उचललं. पट्टी ताणली, तशी मावशीही पुढं ओढली गेली. अजून बांधलेल्याच होत्या दोघी.

मग ती म्हणाली, "सकाळी पाणी किती हाय ते बघाया म्या झाकण काढलं व्हतं. लावलं व्हतं का गं परत? माझ्या ध्यानातच येईना."

माझा अर्धा भरलेला कॅन हौदाच्या काठावर होता. तिनं तो पाहिला नव्हता; मी आत आले ते तिला दिसलंच नव्हतं, ती पाठमोरी होती. पाटा मी माझ्या हातांनी उचलला होता. त्याची धूळ अजून माझ्या साडीला लागलेली होती. एवढंच म्हणायचं होतं, मावशी, मी होते. दोन शब्द.

दारात गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. माझी किंचाळी ऐकून आल्या होत्या. ज्या बाईनं पाठीवर थाप मारली तीही होती.

"तुम्हीच विसरलात," मी म्हणाले. आणि एकदा तोंडातून गेल्यावर मला थांबता येईना. "पोरगी गेली असती माझी! एवढी पोरं घेता आणि झाकण उघडं टाकता? आम्ही काय भरवशावर लेकरं सोडायची?"

मावशी माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. आठवायचा प्रयत्न करत होती. मग तिनं मान हलवली. "व्हय," ती म्हणाली. "म्याच असंन."

बायांपैकी कुणीतरी "म्हातारपण आलं की असंच," म्हणालं. मावशीनंच पट्टीची गाठ सोडली; मी लेकीला कडेवर घेतलं, कुणाचं लक्ष नाही असं बघून कॅन उचलला आणि घरी आले. त्या पाण्यात मी डाळ शिजवली. ती आम्ही जेवलो. नवऱ्याला मी तेच सांगितलं जे बायांना सांगितलं होतं, आणि तो म्हणाला, "बघ, तुला आधीपासून वाटतच होतं." रात्रभर मला वाटत राहिलं की सकाळी जाऊन सांगू. सकाळी मावशीनं पाळणाघर बंद केल्याचं भाजीवालीनं सांगितलं. बाकी चौघांच्या आयांना तिनं घरोघर जाऊन सांगितलं होतं, माझं ध्यान ठिकाणावर राहत नाय, माझ्यापाशी लेकरू ठिवू नका. एक बाई तिच्या पाया पडली म्हणे, माझं कामच सुटेल म्हणून. मावशी ऐकेना. माझ्याकडं तेवढी ती आली नाही. मला काय सांगायचं तिला राहिलं होतं?

लेकीला मी सोयगावला आईकडं ठेवलं. नोकरी टिकवायची तर दुसरा मार्ग नव्हता. शाळेत घालायच्या वयाची होईपर्यंत, एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं. दिवाळीनंतर दोन दिवसांची सुटी मिळाली तेव्हा गेले. घराला कुलूप होतं म्हणून सरळ शेतात गेले. आई कापसाच्या दोन ओळींमधल्या तासात वाकली होती, कमरेला कापसाची ओटी. बांधावरच्या लिंबाखाली माझी लेक बसली होती. पायाला पट्टी. दुपार कलली होती आणि सावली पलीकडं गेली होती. लेक उन्हात बसून मातीत रेघोट्या काढत होती, रडत नव्हती.

मी तशीच लिंबाखाली गेले. खाली बसले, लेकीची गाठ सोडली. या वेळी ती मला सुटली. मग लेकीला सावलीकडं नेलं आणि पट्टी खोडाला त्या बाजूनं परत बांधली, कारण विहिरीला अजून कठडा नव्हता आणि मला आईबरोबर वेचायला जायचं होतं.

पुढच्या जूनमध्ये लेक शाळेत गेली. पालिकेच्या शाळेतली बालवाडी, पुंडलिकनगरपासून थोडी लांब, पण दुपारपर्यंत ठेवून घेणारी. मागच्या गल्लीतून जायचं मी टाळायची. पण एक दिवस रस्त्याचं काम निघालं आणि लेकीला शाळेतून आणताना तिकडूनच जावं लागलं. पाण्याचा दिवस होता. मोटारवाल्या शेजाऱ्याच्या दारात बायांच्या मागं, हातात कळशी घेऊन, मावशी उभी होती. तिची पाळी यायची होती. तिनं आधी लेकीला ओळखलं, मग मला.

"केवढी झाली गं!" ती म्हणाली.

"मावशी, तुम्ही इथं कशा? हौद आहे की तुमचा."

"बुजवला," ती म्हणाली. "मुरूम टाकला, वरनं सिमेंट. माझा मलाच भरवसा राहिला नाय. गल्लीतली लेकरं येत्यात खेळत खेळत घरात." मग तिनं ओल्या हातानं माझा हात धरला. "तू त्या दिशी व्हतीस म्हणून मला कळलं तरी. तू बोललीस म्हणून. न्हायतर कुणाचं तरी लेकरू गेलं असतं माझ्या हातनं. लई उपकार झाले बाई तुझे."

तेव्हा सांगता आलं असतं. रस्त्यावर चार बाया होत्या, लेकीला भूक लागली होती, ऊन होतं. पण यातलं काहीच कारण नव्हतं. मी भ्याले. सहा दिवसांच्या पाण्यासाठी सगळ्या गल्लीसमोर उभी राहिलेली मी, या एका म्हातारीसमोर माझी जीभ हलली नाही. आजही हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

तिची पाळी आली. तिनं कळशी भरली, पण तिला ती उचलवेना. मी लेकीचा हात सोडला, कळशी घेतली आणि तिच्या मागं त्या पत्र्याच्या खोलीत गेले. खोली रिकामी होती. खिडकीच्या गजाला एक पट्टी अजून तशीच लटकत होती.

"कुठं ठेवू?" मी विचारलं.

"पाट्यावर ठेव," मावशी म्हणाली.

पाटा कोपऱ्यात होता, होता तिथंच. त्याच्याखाली आता साधी जमीन होती. मी कळशी ठेवली, पाटा हलत नाही ना ते दोन्ही हातांनी दाबून बघितलं, आणि "येते मावशी" म्हणून बाहेर आले.